फुगा दाबणारी बाई

आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही.

भुताची गोष्ट म्हटली की तुम्हाला रात्र लागते. पडका बंगला लागतो. उलटे पाय, मोकळे केस, लांबून कुत्र्याचं रडणं लागतं. यातलं काही एक नव्हतं. भर उन्हाळ्यातला दिवस होता, आणि जागा होती सरकारी दवाखान्यातली बाळंतिणींची खोली.

जे घडलं ते माझ्यापासून हातभर अंतरावर घडलं. खोटं वाटलं तर वाटू द्या. तुम्हाला पटवायचा मक्ता मी घेतलेला नाही.

मी कपडे शिवते. शाळा लवकर सुटली, लिहायला माझी मी शिकले. त्यामुळे जे आहे ते सरळ लिहिते.

माझी धाकटी बहीण, घरात सगळे तिला बारकी म्हणतात. आई आम्हाला लवकर सोडून गेली, तेव्हापासून बारकीची आई मीच. त्या उन्हाळ्यात तिला सातवा महिना सरत आला होता.

तिचं सासर लाकडाच्या वखारीला लागून. नवरा तिथेच करवतीवर कामाला. राहायला एकच मोठी खोली, मागे ओंडक्यांचा ढीग, मध्ये एक पातळ भिंत. त्या भिंतीच्या पायथ्याशी मनगट जाईल एवढी भेग. लग्न झाल्यापासून मी सांगत होते, ती भेग बुजवा. तिची सासू म्हणायची, "आमच्या घराला भोक आहे म्हणून अजून कुणी मेलं नाही."

या एका वाक्यावरून आमचं बोलणं बंद झालं. समोरासमोर आलो तरी मी भिंतीकडे बघायचे, ती छताकडे.

पोट वाढलं तशी बारकीची पाठ दुखायला लागली. खाटेवर झोप लागेना. मग ती खाली चटईवर झोपायला लागली. जमिनीच्या गारव्याला.

त्या गारव्याला ती एकटीच येत नव्हती.

सकाळी मेहुण्यांचा फोन आला. "ताई, हिच्या पोटात दुखतंय. कळा सुरू झाल्यात बहुतेक. लवकर या."

मी गेले तेव्हा बारकी भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात पोटावर. डोळे अर्धे मिटलेले. मला बघून काहीतरी म्हणाली, पण तोंडात बोळा कोंबल्यासारखं. मला कळलं नाही.

"झोप झाली नाही म्हणून डोळे मिटतायत," सासू छताला म्हणाली. "पहिलटकरीण आहे. थोडी नाटकं चालायचीच."

मी मेहुण्यांना म्हटलं, "रिक्षा आणा." ते आईकडे बघायला लागले. मी म्हटलं, "तिच्याकडे नका बघू, तिला चाकं नाहीत. रिक्षा आणा."

दवाखान्यात डॉक्टर होती एक पोरसवदा मुलगी. केस मागे करकचून बांधलेले, डोळ्यांखाली काळं. तिने बारकीच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"या कळा नाहीत," ती म्हणाली. "गर्भाशय मऊ आहे."

मग ती बारकीच्या तोंडाजवळ वाकली. "ताई, वर बघा. छताकडे बघा."

बारकीने प्रयत्न केला. भुवया वर गेल्या. कपाळाला आठ्या पडल्या...

पापण्या जागच्या हलल्या नाहीत.

डॉक्टर ताठ उभी राहिली. "खाली झोपली होती का ही? जमिनीवर?"

मेहुणे म्हणाले, "हो."

तिने पायाची बोटं बघितली, पोटऱ्या बघितल्या, हात उलटेसुलटे केले. कोपराच्या वर, मागच्या बाजूला, दोन बारीक ठिपके होते. मुंगी चावल्यावर उठतात त्याहूनही बारीक. ना सूज, ना रक्त.

"मण्यार," डॉक्टर म्हणाली. "झोपेत चावते. चावलेलं कळतही नाही. पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग..."

बारकीच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. तिला ती गिळता येत नव्हती.

सापाच्या विषावरचं औषध दवाखान्यात होतं. कपाटात होतं, हाताशी होतं. तरी ती मुलगी मेहुण्यांना बाहेर घेऊन गेली. मीही गेले. सासू आधीच दारात होती.

"मला हे द्यावंच लागेल," डॉक्टर म्हणाली. "पण या औषधाची कधी कधी जोराची रिअॅक्शन येते. अंगावर गांधी उठतात, रक्तदाब पडतो, श्वास अडकतो. तशी आली तर बाळालाही त्रास होऊ शकतो. तयारी आहे माझी, पण तुम्हाला सांगणं भाग आहे."

मेहुणे आईकडे बघायला लागले.

"आधी बाळाचं बघा," सासू म्हणाली.

मी म्हटलं, "बाळ कुठे आहे काकू? कपाटात ठेवलंय का? तिच्यात आहे ते. ती गेली की ते गेलं."

त्या भेगेच्या वाक्यानंतर तिच्याशी मी पहिल्यांदाच बोलले होते. ती छताकडे बघायला लागली. मेहुणे नुसते उभे. डॉक्टर फोन काढून तिच्या मोठ्या डॉक्टरांना लावत होती, आणि फोन लागत नव्हता.

तेव्हा आमच्या मागून आवाज आला.

"विचारत बसले की संपतं सगळं..."

मी वळून बघितलं. दाराशी एक बाई उभी होती. वयाचा अंदाज येत नव्हता. अंगावर धुऊन धुऊन रंग गेलेले कपडे. आवाज शांत, रोजचं काहीतरी सांगितल्यासारखा.

मला वाटलं, सासरकडची कुणी आत्या असेल. निदान त्यांच्यात एक तरी शहाणी आहे.

फोन लागला. पलीकडचा माणूस एवढ्या जोरात बोलला की मलाही ऐकू आलं. "गरोदर आहे म्हणून थांबलीस का? डोस तोच, घाई जास्त. लाव आधी."

औषध लागलं. थेंब थेंब नळीतून जायला लागलं. रिअॅक्शन आली नाही. मी देव मानत नाही, पण तेव्हा कुणाकुणाची नावं घेतली ते माझं मला माहीत.

पण औषध विषाला पुढे जाऊ देत नाही एवढंच. जे आधीच चढलंय, ते लगेच उतरत नाही.

बारकीचा श्वास तोकडा व्हायला लागला. छाती हलेना. फक्त मानेच्या शिरा ताणल्या जायच्या, पाण्याबाहेर काढलेल्या माशाच्या कल्ल्यांसारख्या.

डॉक्टरने तिच्या घशात नळी घातली. नळीच्या टोकाला रबराचा फुगा. तो हाताने दाबायचा, म्हणजे हवा आत जाते. डॉक्टर लोक त्याला अंबू म्हणतात. आम्ही फुगाच म्हणत होतो.

श्वास देणारं मशीन तिथे एकच होतं आणि तेही बंद. मोठ्या दवाखान्यातून मशीनवाली गाडी निघाली होती. वाटेतला पूल खचलेला, लांबचा वळसा घालून येणार होती.

"तोपर्यंत?" मी विचारलं.

"तोपर्यंत हात," डॉक्टर म्हणाली.

तिने बारकीच्या उजव्या कमरेखाली चादरीची गुंडाळी सरकवली. पोट एका बाजूला कललं. बाळाचा भार मोठ्या शिरेवर पडायला नको म्हणून. सिस्टरने पोटाला बाळाच्या ठोक्यांचं यंत्र लावलं. खोलीभर आवाज सुरू झाला. दुडदुड, दुडदुड... लहान घोडं पळतंय असा.

"आणि एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाली. "ती बेशुद्ध नाही. हलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत, पण सगळं ऐकू येतंय तिला. बोलत राहा तिच्याशी."

मेहुण्यांनी फुगा घेतला. रडता रडता दाबायला लागले. रडण्याची लय वेगळी, श्वासाची वेगळी. मी म्हटलं, "अहो, तिला हुंदके देताय की हवा? सोडा." आणि मी घेतला.

शिलाई मशीनवर पाय चालवण्यात जन्म गेलाय माझा. लय धरली की धरली. दाबला की फुस्स. सोडला की नळीच्या तोंडाशी बारीकशी टक.

फुस्स... टक.

फुस्स... टक.

माझी बहीण माझ्या मुठीत होती. मी सोडलं की संपलं.

ऊन माथ्यावर आलं. पत्रा तापला. बोटं आखडायला लागली, मग अंगठा वळेना, मग खांद्यापासून हात माझा राहिलाच नाही. एकाच डॉक्टरवर सगळा दवाखाना, तिला पलीकडे दुसरी बाळंतीण अडली होती. सिस्टर तिच्याबरोबर पळाली. मेहुणे गाडी कुठवर आली ते बघायला रस्त्यावर गेले. सासू बाहेर बाकावर.

आणि लाइट गेली.

पंखा थांबला. बाळाच्या ठोक्यांचं यंत्र बंद पडलं. ते घोडं एकदम पळायचं थांबलं.

इतकी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही.

"दे इकडे," कुणीतरी म्हणालं. "हात मोकळा कर जरा."

तीच बाई. खाटेच्या उशाशी उभी. कधी आली, कळलं नाही.

मी फुगा तिच्या हातात दिला. तेव्हा तिची बोटं माझ्या बोटांना लागली... विहिरीच्या तळाच्या पाण्यासारखी गार. त्या उकाड्यात ते बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

ती दाबायला लागली. बारकीची छाती वर झाली, खाली आली. अगदी बरोबर. माझ्यापेक्षा चांगली.

मी भिंतीला टेकले आणि हात झटकत बघत राहिले.

शिवणाऱ्या माणसाची नजर कपड्यावर जाते, त्याला इलाज नाही. मी तिची बाही बघत होते. खांद्याला जोड नव्हता. बगलेत जोड नव्हता. कडेला दुमड नव्हती. त्या कपड्याला कुठेच...

शिवण नव्हती.

उन्हाने डोक्यावर परिणाम झालाय, मी स्वतःला म्हटलं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. छाती वर होत होती, खाली येत होती. लाइट नाही, पंखा नाही, खोलीत चिटपाखरू नाही. अशा शांततेत फुग्याचा आवाज यायला हवा होता.

फुस्स नव्हतं.

टक नव्हतं.

ती वाकली. तोंड बारकीच्या कानाशी नेलं आणि काहीतरी पुटपुटायला लागली. मला वाटलं, धीर देतेय. डॉक्टरने सांगितलंच होतं ना, बोलत राहा.

बोलून झालं की ती थांबायची. म्हणजे हातही थांबायचा. छाती खाली जायची ती खालीच राहायची. ती बारकीच्या चेहऱ्याकडे बघत बसायची... मग पुन्हा दाबायची.

एकदा ती फारच थांबली. बारकीचे ओठ जांभळे दिसायला लागले.

"मावशी, दाबा," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. चेहरा साधा होता. रस्त्यात दिसला तर लक्षात राहू नये इतका साधा.

"दाबते गं. तिला एक विचारत होते."

"तिला बोलता येत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि दाबायला लागली.

मी पुढे झाले. बघते तर तिचा एकच हात फुग्यावर. दुसरा बारकीच्या पोटावर, पालथा, घट्ट. दुकानात एखादी वस्तू दुसऱ्याने उचलू नये म्हणून आपण हात ठेवतो, तसा.

तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरला. ठोक्यांचं यंत्र सुरू झालं.

नुसती खरखर.

सिस्टर धावत आली. यंत्र पोटावर सरकवत राहिली. इकडे... तिकडे... खाली... नुसती खरखर. तिच्या कपाळावर घाम फुटला.

"हात काढा," मी त्या बाईला म्हटलं. "मावशी, पोटावरचा हात काढा. फुगा माझ्याकडे द्या."

ती हसली नाही, रागावली नाही. फुगा माझ्या हातात ठेवला. पोटावरचा हात मात्र सावकाश उचलला. एकेक बोट.

शेवटचं बोट उचललं आणि... दुडदुड, दुडदुड.

सिस्टर मटकन स्टुलावर बसली.

ती मागे सरून कोपऱ्यात उभी राहिली आणि मी फुगा दाबला. फुस्स. टक. तो टक ऐकून मला रडू फुटलं.

उन्हं कलता कलता गाडी आली. स्ट्रेचर, नळ्या, आरडाओरडा. बारकीला मशीनवर घेतलं. मी तिच्यामागे दारापर्यंत पळाले, तर सासूने माझा दंड धरला. डोळे लाल झालेले. त्या भेगेच्या वाक्यानंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच, माझ्या तोंडाकडे बघून बोलली.

"तुमची मावशी फार राबली हो. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. त्यांना चहा तरी पाजा."

"माझी मावशी?" मी म्हटलं. "मला वाटलं, तुमच्याकडच्या आत्या."

सासूने माझा दंड सोडला.

मेहुणे म्हणाले, "मला वाटलं दवाखान्यातल्या आहेत."

डॉक्टर दारात उभी होती. "मला वाटलं, तुमच्यातल्याच कुणी."

आम्ही सगळ्यांनी खोलीत बघितलं. पंखा फिरत होता. खोलीला दार एकच, आणि त्या दारात आम्ही चौघे उभे होतो.

आम्ही आधी एकमेकांशी बोलत असतो, तर तिला पहिल्या मिनिटालाच विचारलं असतं, बाई तू कोण. दोन्हीकडच्यांना आपापला तोरा जपायचा होता. त्या तोऱ्याने आमच्यात पडलेल्या भेगेतून ती सरळ आत आली. घराच्या भिंतीतल्या भेगेतून काय आलं होतं, ते सांगायला नको.

नंतर मी सिस्टरला गाठून विचारलं, "त्या खाटेवर आधी कुणी गेली होती का? साप चावून? पोटुशी असताना?"

ती म्हणाली, "कोणत्या खाटेवर कुणी गेलंच नाही, ते विचारा. ते सांगायला सोपं पडेल."

बारकी वाचली. कितीतरी दिवस मशीनवर होती. आधी पायाचं बोट हललं, मग पापण्या, मग मान. बाळही टिकलं. दिवस भरल्यावर मुलगी झाली. गोरीगोमटी, खणखणीत रडणारी. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वेळेवर औषध मिळालं आणि कुणाच्या तरी हाताने दिवसभर लय सोडली नाही, म्हणून.

कुणाच्या तरी हाताने.

बारकीने मला ते सांगितलं मुलगी झाल्यानंतर. बाळ मांडीवर होतं. ती बाळाकडे बघूनच बोलत होती.

"ताई, मला सगळं ऐकू येत होतं."

"माहीत आहे गं."

"ती बाई विचारायची. मी तुला ठेवते, पोटातलं मला दे, चालेल? मग फुगा दाबायची थांबायची. उत्तराची वाट बघायची. माझा जीव जायला लागायचा, मग म्हणायची, गप्प आहेस, म्हणजे चालेल. आणि दाबायची. पुन्हा विचारायची. पुन्हा, पुन्हा."

मी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"लग्नाच्या वेळीही असंच झालं होतं ना," ती म्हणाली. "पसंत आहे का विचारलं, मी खाली बघत बसले, सगळे म्हणाले लाजली, म्हणजे हो. मला तेव्हा काहीच म्हणायचं नव्हतं, हो पण नाही, नाही पण नाही. पण त्या दिवशी मला म्हणायचं होतं ताई. जन्मात पहिल्यांदा मला नाही म्हणायचं होतं. आणि जीभ हलत नव्हती."

तेव्हापासून बारकी गप्प बसत नाही.

बाळाला पाजताना म्हणते, नाही. कपडे वाळत घालताना म्हणते, नाही. मध्येच मान वळवते, कुणीतरी काही विचारल्यासारखी, आणि स्पष्ट, मोठ्याने म्हणते, नाही. झोपेतही म्हणते. सासू आधी म्हणाली वेड लागलं. आता सासूही म्हणते. भांडी घासता घासता, नाही, नाही. भेग बुजवली त्यांनी. चांगली सिमेंटने बुजवली.

मी चिडायचे. म्हणायचे, विषाने मेंदू थकतो, भास होतात, औषध घे, झोप काढ. बारकी भांडायची नाही. पोरगी माझ्याकडे ठेवताना फक्त एवढंच सांगायची, "ताई, अधूनमधून म्हणत जा. माझ्यासाठी."

मी म्हणायचे. तिच्यासाठी.

काल ती तापाने फणफणली. पोरीला घेऊन माझ्याकडेच आली. डॉक्टरने गोळ्या दिल्या आहेत, आतल्या खोलीत गाढ झोपली आहे, हलवलं तरी जागी होत नाही. झोपेत बोलत नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलत नाही.

आणि सकाळपासून माझा घसा बसला आहे. साधा बसला आहे, असं मी स्वतःला सांगते. पण फुंकर मारल्यासारखी हवा येते, शब्द येत नाही. शेजारी कुलूप आहे. मेहुण्यांना फोन लावला, ते उचलतात, हॅलो हॅलो करतात, मला बोलता येत नाही, ते ठेवतात. मेसेज टाकलाय. करवत चालू असेल, बघितला नाही अजून.

दुपार आहे. लख्ख ऊन आहे. पोरगी माझ्यासमोर चटईवर झोपली आहे. मी शिलाई मशीनच्या खुर्चीत बसून हे फोनवर लिहिते आहे, मध्ये मध्ये तिच्याकडे बघते आहे.

आवाज काही येत नाही. पण आपल्या मागे कुणीतरी उत्तराची वाट बघत उभं असलं की ते कळतं ना...

पोरीचं पोट वर झालं. खाली आलं.

वर झालं.

खाली आलं...

तुमचा विश्वास मला नकोच आहे. तो तुमच्याजवळ ठेवा. फक्त एक काम करा. जिथे असाल तिथे, बसमध्ये, कामावर, चार लोकांत. लोक बघतील, बघू देत. माझ्या वतीने एकदा मोठ्याने म्हणा.

नाही.